खंडेनवमीला पुसलेली चाकं

लग्न होऊन मी जोगेश्वरीला आले, तेव्हा नवऱ्याच्या खाटेखाली ट्रंक असेल असं मला वाटलं होतं. ट्रंक नव्हती, सात फ्लायव्हील होती. जेवणाच्या ताटाएवढं बिडाचं जाड चाक, कडेने दाते, मध्ये बोल्टची भोकं. मोटारीच्या इंजिनाच्या पाठीमागे ते बसतं आणि इंजिनाचे हिसके पोटात घालून त्याला एकसारखं फिरवत ठेवतं, हे मला सहदेवांनी लग्नानंतर चौथ्या दिवशी समजावून सांगितलं. नव्या नवरीला सांगण्यासारखं दुसरं काही त्यांना सुचलं नसावं. समोर मी त्यांना अहो म्हणते, पण इथे लिहिताना सहदेवच लिहिते. नाहीतर वाक्यागणिक हे आणि ते करत बसावं लागेल.

त्याला आता अडतीस वर्षं झाली. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा एक गाळा आहे. त्यात एक बॅलन्सिंग मशीन, एक ड्रिल, एक टेबल आणि भिंतभर जुन्या गाड्यांची चाकं. लोक भंगारातून उचललेलं, गंजून लाल झालेलं चाक घेऊन येतात आणि विचारतात, हे कुठल्या गाडीचं? सहदेव आधी ते रॉकेलने पुसतात, साच्यात उठलेला आकडा दिसतो का पाहतात, दाते मोजतात, बोल्टची भोकं मोजतात. मग चाक एका बोटावर टांगून पान्याने टिचकी मारतात. चाक चांगलं असेल तर घंटेसारखं वाजतं, तडकलेलं असेल तर बद्द वाजतं. एवढं झालं की गाडीचं नाव आणि साल सांगतात, आणि ते चुकल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. घरात चष्मा कुठे ठेवला ते मात्र रोज मला विचारावं लागतं.

मला त्या चाकांचा मनापासून राग होता. कुडाळला आमचं घर आहे, आंब्याची पाच कलमं आहेत, विहिरीला बारमाही पाणी आहे. सासऱ्यांची कापडगिरणी बंद पडली तेव्हा ते गावी गेले आणि वीस वर्षं सुखाने जगले. आम्ही मात्र इथेच. सहदेव सदुसष्ट वर्षांचे झाले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी सकाळी नऊला डबा घेऊन बाहेर. गेली सहा वर्षं मी जेवताना, चहा पिताना, भाजी निवडताना एकच टुमणं लावलं होतं की आता पुरे. ते मान हलवायचे आणि दुसरी पोळी मागायचे.

यंदा नवरात्रात गाळ्यावर दोन डुक्कर फियाटी आल्या. म्हणजे गाड्या नव्हे, त्यांच्या इंजिनांची पोटातली सामग्री. पुढून डुकराच्या नाकाडासारखी दिसते म्हणून तिला मुंबईत हे नाव पडलं, आणि ज्यांच्याकडे ती असते ते हे नाव लाडाने घेतात. एक गाडी अंधेरीच्या पद्मजाताईंची, त्या बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांचे वडील नंदकुमार डिसेंबरात एक्याऐंशीचे होणार होते. सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी त्यांना याच गाडीतून आरे कॉलनीत फिरवून आणायचं असं ताईंनी ठरवलं होतं. दुसरी गाडी आमच्या शेजारच्या इमारतीतल्या देवेशची. तो शूटिंगला जुन्या गाड्या भाड्याने देतो. दोन्ही गाड्या एकाच सालातल्या, दोन्ही चाकं एकाच साच्यातली. दाते तेवढेच, भोकं तेवढीच, आकडाही तोच.

सहदेवांची कामाची पद्धत अशी. इंजिनाचा क्रँक, म्हणजे वेडावाकडा मुख्य दांडा, मशीनवर चढवायचा आणि त्याला त्याचं चाक जोडून दोन्ही एकत्र फिरवायचं. जी बाजू जड भरेल तिथे चाकाच्या पाठीत ड्रिलने उथळ भोक पाडून तेवढं लोखंड काढायचं. असं करत करत काटा शून्यावर आणायचा. मग क्रँकवर एक आणि चाकावर एक असं पंचने टिंब मारायचं, म्हणजे इंजिन बांधताना टिंबासमोर टिंब येतं. याला ते लग्न लागलं म्हणतात. तो क्रँक आणि ते चाक आता एकमेकांचे, तिसऱ्याच्या उपयोगाचे नाहीत. चाक कुणाचं हे लक्षात राहायला ते पिवळ्या खडूने वर अक्षर लिहितात. ही दोन्ही लग्नं खंडेनवमीच्या आधीच लागली होती, पद्मजाताईंच्या चाकावर प, देवेशच्या चाकावर दे. तीस वर्षं त्या खडूला कुणी हात लावला नव्हता.

मी लावला.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करतो. गाळा धुऊन, मशीनला झेंडूची माळ घालून, पान्याहातोड्यांना हळदकुंकू वाहून. दरवर्षी साफसफाई सहदेव करतात आणि मी फक्त नैवेद्य नेते. यंदा डोळ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना धूळ चालणार नव्हती, म्हणून मी सकाळीच पुढे गेले. गाळ्याची अवस्था बघून माझं डोकं फिरलं. आधी मोबाइलवर फोटो काढले, घरच्या ग्रुपवर टाकायला, की बघा हा माणूस कशात काम करतो. मग पदर खोचला. क्रँक खुंट्यांवर उभे टांगलेले होते, त्यांना माझा हात पोचत नव्हता. टेबलावरची चाकं मात्र एकेक करून खाली वर्तमानपत्रावर घेतली आणि रॉकेलने अशी चकचकीत पुसली की तोंड दिसावं. पुसून झाल्यावर लक्षात आलं की अक्षरं गेली. पण मी घाबरणारी बाई नाही. प डावीकडे होता, दे उजवीकडे होता, हे मला पक्कं आठवत होतं. खडू घेतला आणि परत लिहिलं, त्यांच्यापेक्षा वळणदार. मग साफ गाळ्याचेही फोटो काढले आणि तेही ग्रुपवर टाकले. नणंदेने चार अंगठे पाठवले.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी घडली, ती तेव्हा मी कुणाला सांगितली नाही. मशीनला कुंकू लावताना मी हात जोडले आणि मनात म्हटलं, आता यांना सोड बाई.

दिवाळीनंतर देवेशने आपला क्रँक आणि चाक नेऊन इंजिन बाहेरून बांधून घेतलं. पद्मजाताईंचं इंजिन सहदेवांनी स्वतः बांधलं आणि गाडी चालवून पाहिली. पस्तीसपर्यंत ठीक. वेगाचा काटा चाळीसला गेला की सगळी गाडी थरथरायची, आरसा हलायचा, दाराच्या काचा वाजायच्या. त्यांनी गाडी उभी करून नुसतं इंजिन तेवढ्याच वेगाने फिरवलं, तरी तीच थरथर. म्हणजे दोष टायरांत नव्हता, इंजिनातच होता. आठ दिवस ते एकेक गोष्ट तपासत राहिले. इंजिनाखालचे रबर बदलले, पंखा काढून पाहिला, शेवटी गिअरबॉक्स उतरवून चाक बाहेर काढलं. टिंबासमोर टिंब बरोबर होतं, खडूचं अक्षर बरोबर होतं. चूक निघेना.

त्या संध्याकाळी ते घरी आले ते चप्पल काढून तसेच दारात उभे राहिले. एरवी घरात शिरतानाच चहा मागणारा माणूस. मी काय झालं विचारलं, तर दोन्ही हात पुढे करून त्यांच्याकडे बघत म्हणाले, "हात गेलो गो माझो."

मी म्हटलं, असं काही नसतं, मशीन जुनी झाली असेल. ते म्हणाले, मशीन ठीक आहे, वजनं ठेवून तपासली. काटा शून्यावर आलाय असं मला दिसलं आणि तो आला नव्हता, याचा अर्थ डोळा गेला आणि हात गेला. आता लोकांची इंजिनं खराब करायच्या आधी थांबलेलं बरं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनवर जुनी चादर टाकली आणि वसईच्या एका वर्कशॉपवाल्याला फोन केला. तो रविवारी टेम्पो घेऊन मशीन न्यायला येणार होता. पद्मजाताईंना सांगितलं की गाडी दुसऱ्या कुणाकडे द्या, मी माणूस शोधून देतो. ताईंचा फोनवरचा आवाज मलाही ऐकू आला. त्या म्हणत होत्या की बाबांना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला चालणार नाही, आणि सहदेव फक्त मान हलवत होते, जणू फोनमधून ताईंना ती दिसणार होती.

आता खरं सांगते. मला वाईट वाटलं, पण त्याच्या पाठोपाठ आनंदही झाला. देवीने ऐकलं असं वाटलं. मी कुडाळला बहिणीला फोन करून घर झाडून घ्यायला सांगितलं, माळ्यावरून बॅगा काढल्या. सहदेव खाटेवर बसून छताकडे बघायचे आणि मी गुणगुणत डबे भरायचे. त्यांनी दुसरी पोळी मागणं सोडलं होतं, तेही मी दोन दिवस मनावर घेतलं नाही.

शुक्रवारी सकाळी घावन्यांसाठी तांदूळ दळायला गिरणीत गेले, तिथे देवेश गव्हाचा डबा घेऊन उभा. गिरणी धडधडत होती, सगळं मोठ्याने बोलावं लागत होतं. मी गाडी कशी आहे म्हणून सहज विचारलं. तो म्हणाला, एकदम झकास दिसते, काकी, फक्त जरा वेग घेतला की थरथरते. परवा शूटिंगला हिरॉइनचे कानातले इतके हलायला लागले की शेवटी चार माणसांनी ढकलूनच शॉट घेतला. मी विचारलं, मग काकांना का नाही सांगितलंस? तर म्हणाला, "काकी, माझी गाडी ढकलायलाच असते ना, कशाला त्रास द्यायचा?"

गिरणीवाल्याने पीठ भरून दिलं, ते मी कसं उचललं मला आठवत नाही. दोन गाड्या. दोन्ही त्याच आठवड्यातल्या. दोन्ही थरथरतात.

घरी येऊन मी मोबाइल उघडला आणि खंडेनवमीचा पहिला फोटो शोधला, पुसण्याआधीचा. टेबलावर दोन चाकं पाठ वर करून पडलेली, वर पिवळी अक्षरं. बोटांनी फोटो मोठा केला. प लिहिलेल्या चाकावर ड्रिलची तीन भोकं होती, चुलीच्या दगडांसारखी मांडलेली. दे लिहिलेल्या चाकावर चार, एका ओळीत, ब्लाउजच्या काजांसारखी. आणि मला ती चार काजं नीट ओळखीची होती. पद्मजाताईंच्या गाडीतून काढलेलं चाक गाळ्याच्या टेबलावर पडलं होतं आणि मशीनवर चादर टाकली त्या दिवशी मी गाळ्यावर नेलेला जेवणाचा डबा त्याच्यावरच टेकवला होता. खाली घेताना किंवा वर ठेवताना माझं डावं-उजवं बदललं होतं. मी दोन लग्नं मोडून बायका बदलल्या होत्या, आणि वर सुंदर अक्षरात नावं घातली होती.

दुपारभर मी स्वयंपाकघरात बसून होते. गप्प बसले असते तर काय झालं असतं? मशीन रविवारी गेली असती, सोमवारी आम्ही गाडीत बसलो असतो, कलमांना मोहर यायच्या आत कुडाळात. कुणालाही काही कळलं नसतं. सहा वर्षं मागितलेलं दारात उभं होतं आणि ते मिळवायला मला काहीच करायचं नव्हतं, नुसता एक फोटो पुसायचा होता. पुसण्याचा तर मला चांगलाच सराव झाला होता.

पण तिकडे गाळ्यात तो माणूस एकटा हत्यारं खोक्यात भरत होता, आणि आपला हात गेला असं समजून भरत होता. कुडाळला येऊन त्याने पडवीत बसून उरलेली वर्षं त्या हातांकडेच बघितलं असतं. असला नवरा मला कुडाळला नको होता. मी घावने केले, डब्यात भरले, रिक्षा केली.

सहदेव खोक्यांच्या मध्ये स्टुलावर बसले होते. मी डबा बाजूला ठेवला आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. म्हटलं, आधी हा फोटो बघा, मग काय ओरडायचं ते ओरडा. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल नाकाजवळ नेला, अंगठ्याने फोटो सरकवला. टेबलावरच्या चाकाकडे बघितलं. परत फोटोकडे बघितलं.

"तू पुसलंस?"

"पुसलं."

"आणि परत लिवलंस?"

"लिहिलं. चुकीचं लिहिलं."

मी ओरडा खायला उभी होते. अडतीस वर्षांत त्यांनी माझ्यावर फार तर चारदा आवाज चढवला असेल, पाचवा मला मान्य होता. पण त्यांनी उठून मशीनवरची चादर ओढून काढली, घडी न करता कोपऱ्यात फेकली आणि उजव्या हाताची बोटं उघडमीट करून बघायला लागले, आंघोळ घातलेल्या बाळाची बघतात तशी.

"म्हणजे हात गेलो नाय," ते म्हणाले. मग पुन्हा, माझ्याकडे बघून, "नलू, हात गेलो नाय."

आणि रडायला लागले. मीही रडले. मग त्यांनी डबा उघडला आणि उभ्या उभ्या पाच घावने खाल्ले.

रविवारी वसईचा टेम्पो आला, तो चहा पिऊन रिकामा परत गेला. देवेशच्या गाडीतून चाक काढून आणलं. त्याला कारण सांगताना मी मान खाली घातली होती, आणि तो मेला हसून हसून बोनेटवर आडवा झाला. तीन दगडवालं चाक पद्मजाताईंच्या गाडीत, चार काजंवालं देवेशच्या गाडीत. बुधवारी दोन्ही इंजिनं बांधून झाली. सहदेवांनी गाडी चालवून पाहायला नकार दिला. म्हणाले, आता जे काय व्हायचं ते नंदकुमारांच्या समोर होऊ दे.

सहस्रचंद्रदर्शनाच्या सकाळी पद्मजाताई गाडी चालवायला बसल्या, शेजारी नंदकुमार, मागे आम्ही दोघं. गोरेगावला गाडी थांबवून नंदकुमारांनी थर्मासच्या झाकणात काठोकाठ चहा ओतून घेतला. त्यांनी मागे वळून मला सांगितलं की त्यांची बायको याच सीटवर बसून आरेच्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाला असा चहा प्यायची आणि साडीवर थेंब सांडायचा नाही. सांडला की गाडी लगेच गॅरेजला. तिच्यापुढे कुठल्या मेकॅनिकची मात्रा चालायची नाही, म्हणाले. पांढरीशुभ्र नवी पँट घालून ते बसले होते आणि ते काठोकाठ झाकण त्यांनी मांडीवर धरलं होतं.

गोरेगावच्या बाजूने आरेत शिरलो. झाडांखालून सरळ रस्ता लागला, पुढची बस वळून गेली. पद्मजाताईंनी काटा तीसवर नेला, पस्तीसवर नेला. सहदेव चहाकडे बघत नव्हते, त्यांनी डोळे मिटून तळवा समोरच्या सीटच्या पाठीवर टेकवला होता. मी मात्र चहाकडेच बघत होते. अडतीस. चाळीस. बेचाळीस. चहावर सायीची एक सुरकुती होती, तीसुद्धा हलली नाही. आरसा गप्प, काचा गप्प. सहदेवांनी डोळे न उघडताच हसायला सुरुवात केली.

नंदकुमारांनी अर्धा चहा सावकाश प्यायला आणि म्हणाले, "ती असती तर पास केलं असतं." तेवढ्यात गतिरोधक आला, ताईंना दिसला नाही, आणि उरलेला अर्धा चहा त्यांच्या पांढऱ्या पँटवर गेला.

"तो हिसको माझो नाय," सहदेव मागून म्हणाले. नंदकुमार इतके हसले की ताईंना गाडी बाजूला घ्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गाळ्यावर गेले, कारण एक गोष्ट अजून माझ्या पोटात होती आणि ती मला पचत नव्हती. सहदेव एका नव्या चाकाचे दाते मोजत होते. एकशेदोनपर्यंत येऊ दिलं आणि मग सांगून टाकलं की खंडेनवमीला मी मशीनपुढे हात जोडून काय मागितलं होतं. त्यांचा आकडा चुकला. बोट त्याच दात्यावर ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मशीनीकडे कित्याक मागलंस?" ते म्हणाले. "माझ्याकडे मागूचा."

मी म्हणणार होते की सहा वर्षं काय केलं मग. पण विचार केला आणि तोंड मिटलं. सहा वर्षं मी टुमणं लावलं होतं, बोलून बोलून त्यांचे कान किटवले होते. मागितलं मात्र एकदाही नव्हतं. म्हणून तिथेच, हातात डबा धरून, मागितलं. म्हटलं, अहो, मला वर्षातून एकदा तुमच्याबरोबर कुडाळला राहायचं आहे. चार दिवस नाही. आंबे उतरेपर्यंत.

ते उठले. टेबलावरचा पिवळा खडू घेतला आणि मशीनच्या मागच्या भिंतीवर, टाचा उंचावून, माझा हात पोचणार नाही इतक्या वर, मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलं: एप्रिल आणि मे, गाळा बंद. मग खडू झटकून पुन्हा स्टुलावर बसले आणि दाते पहिल्यापासून मोजायला घेतले.

"ह्या मात्र पुसू नको हां," म्हणाले.